मेल घरी आणायचे, पण मूळ प्रत कुठं ठेवायची?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ७१ वर्षांचा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, मुक्काम जेलरोड. माझं जीमेलचं खातं २००५ सालचं. तेव्हा कुणीतरी आमंत्रण धाडल्याशिवाय ते मिळत नसे. मला भाच्यानं धाडलं होतं. गेले पंधरा दिवस खातं उघडलं की लाल पट्टी दिसते, १५ जीबी जागा भरत आली म्हणून. मुलगी म्हणते, महिन्याचे पैसे भरून टाका. जावई म्हणतात, पैसे कशाला, थंडरबर्ड नावाचा फुकट प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाका, सगळे मेल घरी येतील. मला दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नाही. पण खरी काळजी वेगळीच आहे. २००८ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी आमची ही चार महिने पुण्याला होती. तिथून रोज रात्री मला एक मेल लिहायची, इंग्रजी अक्षरांत मराठी. आता ती नाही. ते मेल काही झालं तरी जाता कामा नयेत. घरी आणले तर मोबाइलमधून जातील का? आणि घरचा कॉम्प्युटरच बिघडला तर?

उत्तर : काका, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. खरं तर तो जावईबापूंनी विचारायला हवा होता.

पण त्याआधी एक काम करा. जागा नक्की कुणी खाल्लीय ते बघा. ते १५ जीबी एकट्या मेलचे नाहीत. मेल, ड्राइव्हवरच्या फायली आणि फोटो असा तिघांचा तो सामाईक संसार आहे. शिवाय अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्याच हिशेबात धरतात. गुगलच्या स्टोरेजच्या पानावर प्रत्येकाचा वाटा वेगळा दाखवलेला असतो. माझ्याकडे लाल पट्टी घेऊन येणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांच्या खात्यात मेल बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बसलेले असतात आणि सुप्रभातचे व्हिडिओ पाय पसरून. तुमचंही तसंच असेल तर व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. लाल पट्टी जाईल, मुलगीही खूश आणि जावईही.

मेलच जड झाले असतील तर पुढचं वाचा. नसतील तरी वाचा, कारण वहिनींचे मेल एकाच ठिकाणी आहेत ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

तुम्ही ब्राउझरमध्ये जीमेल उघडता तेव्हा तुमच्या घरात काहीच येत नाही. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून तिथलीच वही वाचण्यासारखं ते आहे. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम टाकला की वहीची प्रत घरी येते. पण कशा प्रकारची प्रत, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे दूधवाल्याचं कार्ड असायचं, आठवतं? एक त्याच्याकडे, एक आपल्या फ्रिजवर. दोन्हीकडे तेच आकडे. आता कल्पना करा की ही दोन कार्डं जादूनं बांधलेली आहेत. त्यानं त्याच्या कार्डावर काट मारली की तुमच्या फ्रिजवरच्या कार्डावरही काट उमटते, तुम्ही मारलीत तर त्याच्याकडे. याला आयमॅप म्हणतात. थंडरबर्डमध्ये जीमेलचं खातं जोडलं की ते स्वतःहून आयमॅपच निवडतं. म्हणून घरी मेल आणल्यामुळे मोबाइलमधलं काहीही जाणार नाही. मात्र घरी बसून डिलीट केलंत तर मोबाइलमधूनही जाईल. ‘मेल कॉम्प्युटरवर आले, आता जीमेलमधले पुसून टाकू’ असं म्हणून लोक वेबसाइटवर पुसतात आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरूनही गायब झाले म्हणून फोन करतात. प्रोग्रॅमनं काहीच चुकीचं केलेलं नसतं. कार्ड बांधलेलंच होतं.

बांधलेलं नाही असं एक ठिकाण थंडरबर्डमध्ये आहे. डाव्या बाजूच्या यादीत सगळ्यात खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतात. तिथं ठेवलेला मेल फक्त तुमच्या हार्डडिस्कवर असतो, गुगलला त्याचा पत्ता नाही. वहिनींचे मेल तिथं हवेत.

आता कृती. खातं जोडताना गुगलची स्वतःची खिडकी उघडेल, तिथं पासवर्ड द्या आणि परवानगी द्या. मग काही दिवस धीर धरा. गुगल एका दिवसात अमर्याद मेल उतरवू देत नाही. कंपन्यांच्या खात्यांसाठी तर आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबी अशी मर्यादा छापलेली आहे. तुमचे दहा-बारा जीबी मेल असतील तर आठवडाभर लागला तरी घाबरू नका. रोज दोन-तीन तास कॉम्प्युटर चालू ठेवून थंडरबर्ड उघडं सोडा, राहिलेलं ते आपलं आपण उतरवून घेतं.

सगळं उतरलं की ‘ऑल मेल’ नावाच्या फोल्डरमध्ये जा. जीमेलमध्ये खरं म्हणजे फोल्डर नसतातच, चिठ्ठ्या (लेबल) असतात. एकाच मेलवर तीन चिठ्ठ्या लावल्या असतील तर थंडरबर्डमध्ये तो तीन फोल्डरांत दिसतो आणि माणूस गोंधळतो. ऑल मेलमध्ये प्रत्येक मेल एकदाच असतो, म्हणून तिथूनच उचला. लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार फोल्डर करा आणि वहिनींच्या मेलसाठी एक वेगळा. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, साधं, एका शब्दाचं ठेवा. का ते शेवटी सांगते. मेल निवडा, उजवं बटण दाबा आणि ‘कॉपी’ करा. ‘मूव्ह’ नाही. मूव्हमध्ये मधेच लाइट गेली तर कुठला मेल कुठं राहिला हे शोधत बसावं लागतं. आणि मूव्ह केल्यानं जीमेलची जागा मोकळी होते हाही गैरसमजच. इनबॉक्समधून मेल हलवला तर जीमेल फक्त इनबॉक्सची चिठ्ठी काढतं. मेल ऑल मेलमध्ये तसाच बसून राहतो आणि जागाही तितकीच खातो.

मग राऊटरचा प्लग काढा. खरंच काढा. इंटरनेट बंद असताना लोकल फोल्डरमधले दहा-बारा मेल उघडून बघा, जोडलेले फोटोही उघडा. उघडले तर ते तुमच्या घरात आहेत. नाही उघडले तर अजून काउंटरवरच आहेत.

जीमेलमधलं पुसायचंच असेल तर त्यानंतर, आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत काढल्यावरच. ते काम वेबसाइटवर करा. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘बिफोर’, लगेच अपूर्णविरामाचे दोन ठिपके आणि लगेच वर्ष, महिना, दिवस अशी तारीख, मधे जागा न सोडता. त्या तारखेच्या आधीचे सगळे मेल समोर येतील. वरची चौकोनी खूण केली की एका पानावरचेच निवडले जातात. त्याच वेळी वर एक ओळ येते, ‘या शोधातले सगळे निवडा’ अशा अर्थाची. तीही दाबावी लागते. पुसलेले मेल ३० दिवस कचरापेटीत असतात आणि तोवर जागा खातच असतात, म्हणून पेटी रिकामी केल्याशिवाय लाल पट्टी हलणार नाही. आणि हो, इतकं केल्यावर ते जुने मेल मोबाइलमध्ये दिसणार नाहीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

वहिनींचे मेल मात्र जीमेलमधून पुसूच नका. चार महिन्यांची रोजची चार ओळींची पत्रं म्हणजे एका सुप्रभात व्हिडिओइतकीही जागा नाही.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्ष निर्यात करतो. ऑफिसची तीन खाती आहेत : एक आमच्या डोमेनचं, म्हणजे फर्मच्या स्वतःच्या पत्त्याचं, आणि दोन जीमेलची. सीझनमध्ये ब्राउझरला तीन खिडक्या उघड्या ठेवून पोरगं बसतं. गेल्या सीझनला एका कंटेनरची कागदपत्रं भलत्याच खात्यातून गेली आणि खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडली. लाइट गेली की राऊटर बंद, मग जुनं इन्व्हॉइससुद्धा बघता येत नाही. डेस्कटॉपचा प्रोग्रॅम आम्हाला परवडेल का? डोमेन लावून देणारा माणूस ‘पॉप की आयमॅप’ विचारतोय, त्याला काय सांगू? कॉम्प्युटर दोन आहेत, एक ऑफिसात, एक पॅकहाउसवर.

उत्तर : दादा, आयमॅप सांगा. हे उत्तर मी एका शब्दात देते, कारण दुसऱ्या शब्दाची किंमत मी मोजलेली आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर आणि मेल सांभाळत होते. विंडोज एक्सपी आणि आउटलुक एक्सप्रेसचा जमाना. आमच्या साहेबांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी पॉपनं मेल लावून दिला. पॉप म्हणजे वहीचं पान फाडून घरी आणणं. सर्व्हरवर, म्हणजे दुकानातल्या वहीत, काही उरत नाही, ‘प्रत मागे ठेवा’ अशी खूण केली असेल तरच उरतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी ती खूण केली होती. साहेबांनी घरी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावरही मीच लावून दिला आणि शनिवारी संध्याकाळी घाईत ती खूण राहिली. रविवारी साहेबांनी घरी मेल उघडले. सोमवारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शनिवार-रविवारचा एकही मेल नाही. खरेदी विभाग म्हणतोय ऑर्डर पाठवली, आमच्याकडे दिसत नाही. दुपारपर्यंत शिव्या खाल्ल्यावर माझ्या लक्षात आलं की पानं गंगापूर रोडवर साहेबांच्या बंगल्यात आहेत. तेव्हापासून दोन यंत्रं म्हटलं की मी पॉपचं नावही काढत नाही. तुमची तर तीन धरा, पोराचा मोबाइल आहेच.

बाकी, तुमच्यासारख्यांसाठीच हे प्रोग्रॅम बनलेले आहेत. तिन्ही खाती एका खिडकीत दिसतात. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर असेल तर जुनं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचं (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) सर्टिफिकेट सगळं उघडतं, कारण ते डिस्कवर उतरलेलं असतं. थंडरबर्ड मुळातच पूर्ण मेल कॉम्प्युटरवर ठेवतं. फक्त खात्याच्या सेटिंगमध्ये सिंक्रोनायझेशनच्या पानावर ती खूण आहे ना हे एकदा बघून घ्या. लाइट नसताना उत्तर लिहूनही ठेवता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबलं की मेल ‘आउटबॉक्स’मध्ये जाऊन थांबतो, राऊटर चालू झाल्यावर पाठवायचा.

आलेले मेल आपोआप लावून ठेवायला फिल्टर बनवा. प्रयोगशाळेकडून रेसिड्यूचा (औषधांच्या अंशाचा) रिपोर्ट आला की एका फोल्डरमध्ये, शिपिंग लाइनचा मेल दुसऱ्यात. पण हे फिल्टर थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच चालतात. रात्री कॉम्प्युटर बंद असताना मोबाइलवर सगळी गर्दी तशीच दिसेल. ऑफिसातल्या आणि पॅकहाउसवरच्या अशा दोन्ही कॉम्प्युटरांवर वेगवेगळे फिल्टर ठेवू नका, नाहीतर एकानं लावलेलं दुसरं हलवेल आणि पोरगं वेडं होईल. एकाच यंत्राला कारभारी करा.

भलत्या खात्यातून मेल जाण्याबद्दल. आलेल्या मेलला उत्तर दिलं तर तो ज्या खात्यात आला त्याच खात्यातून उत्तर जातं, तिथं धोका कमी. नवा मेल लिहिताना मात्र वरच्या ‘फ्रॉम’च्या ओळीत कुठलं खातं आहे ते बघायची सवय लावा. तिन्ही खात्यांच्या सह्या वेगवेगळ्या ठेवा. जीमेलच्या सहीत नुसतं नाव, डोमेनच्या सहीत फर्मचं नाव आणि पत्ता. खाली सही वेगळी दिसली की चूक डोळ्याला लगेच टोचते. जीमेलच्या वेबसाइटवर पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंदांत मागे घेता येतो. ती सवय इथं सोडा. गेला तो गेला.

एक छोटी सोय मला फार आवडते. मजकुरात ‘अटॅच’सारखा शब्द आहे आणि फाइल जोडलेली नाही, तर पाठवण्याआधी थंडरबर्ड टोकतं. त्याच्या शब्दांच्या यादीत आपले शब्दही घालता येतात. मी ‘सोबत’ आणि ‘जोडले’ घालून ठेवलेत. सेटिंगमध्ये कंपोझिशनच्या पानावर ती यादी सापडेल. तुमचे मेल इंग्रजीत जातात, तर ‘इन्व्हॉइस’ आणि ‘फायटो’ घाला.

आणि फाइलच्या वजनाची गोष्ट. मेलमधून फाइल जाताना तिचं रूपांतर अक्षरांत होतं आणि ती साधारण एक तृतीयांशानं फुगते. समोरच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर तुमची ८ एमबीची फाइलसुद्धा परत येऊ शकते, आणि कारण कळत नाही कारण आपल्याला तर आठच दिसत असतात. कागदपत्रं स्कॅन करताना फोटोच्या दर्जाची करू नका. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, वाचता आली म्हणजे झालं, तिची काही फ्रेम करायची नाही.

ही जुळवाजुळव डिसेंबरच्या आत उरका. छाटणी झालीय, मणी फुगतायत, तोवर ऑफिसात वेळ असतो. फेब्रुवारीत कंटेनर दारात उभा असताना मेलचा प्रोग्रॅम बदलणाऱ्याला मी मदत करणार नाही.

प्रश्न : आमच्या पंचवटीतल्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर २००३ ते २०१० मध्ये मेलनं यायचा. ते मेल आता थंडरबर्डमध्ये उतरवले, तर काहींत मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. मजकूर खराब झाला का?

उत्तर : खराब झालेला नाही, पण यात दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. अक्षरं नीट बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी एक काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. दर तिसऱ्या जागी तो ए भेटत असेल तर ती युनिकोडमधली (कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीतली) शुद्ध मराठी आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसतेय. प्रत्येक देवनागरी चिन्ह साठवताना तीन भागांत साठवलं जातं आणि पहिला भाग नेहमी सारखा असतो, तोच हा ए. ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबा, बहुतेक वेळा मराठी उमटते.

त्या ए-ची रांग नसेल आणि नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची खिचडी असेल तर तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. तिथं कॉम्प्युटरच्या लेखी मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांनी मराठी कपडे घातले होते. तो फाँट कॉम्प्युटरवर टाका, किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरनं आणलेली रफार आणि जोडाक्षरं एकदा हातानं तपासावी लागतात, हे स्मरणिकेच्या संपादकांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न : सिडकोतून लिहितो. माझ्या जुन्या आउटलुक २०१० मध्ये जीमेलचा पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतो. वेबसाइटवर तोच चालतो.

उत्तर : नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन आत येणारे प्रोग्रॅम गुगलनं वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ च्या अखेरीस बंद केले. नवे प्रोग्रॅम गुगलचीच खिडकी उघडून आत येतात, तुमच्या जुन्याला ते जमत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून गुगलकडून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ घेता येतो आणि तो जुन्या प्रोग्रॅममध्ये चालतो. पण २०१० चा प्रोग्रॅम आता सोडा. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही कधीच थांबलंय.

प्रश्न : देवळाली कॅम्पला माझं वकिलीचं ऑफिस आहे. विंडोजमध्ये आधी ‘मेल’ होतं, ते जाऊन आपोआप नवीन आउटलुक आलं. तोही डेस्कटॉप प्रोग्रॅमच ना? मग थंडरबर्ड कशाला?

उत्तर : दिसायला डेस्कटॉप प्रोग्रॅमच. विंडोजचं जुनं मेल ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं आणि त्याच्या जागी हे नवीन आउटलुक आलं. पण त्यात जीमेल किंवा दुसरं कुठलं खातं जोडलं की तुमचे मेल आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाऊन तिथून तुमच्याकडे येतात. खातं जोडताना ते तशी परवानगी मागतं, आपण न वाचता हो म्हणतो. म्हणजे काउंटर एक होता, ते दोन झाले. भाजीवाल्याचा हिशेब असेल तर हरकत नाही. अशिलाची कागदपत्रं असतील तर विचार करा. थंडरबर्ड तुमच्या कॉम्प्युटरवरून थेट तुमच्या मेलच्या सर्व्हरशीच बोलतं. ते मोझिलाच्या घरातलं, पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ ची, लोकांच्या देणग्यांवर चालतं.

मात्र मेल घरात आले की घर राखणं आपल्यावर आलं. ऑफिसात कारकून, पक्षकार, चहावाला अशी ये-जा असते. विंडोजला पासवर्ड नसेल तर प्रोग्रॅम उघडून कुणीही सगळं वाचू शकतं. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवता येतो, पण त्यामागे फक्त साठवलेले पासवर्ड कुलूपबंद होतात. डिस्कवरचे मेल उघडेच असतात. म्हणून डिस्कच एन्क्रिप्ट करून घ्या, म्हणजे पासवर्डशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही, आणि लॅपटॉप घेऊन कोर्टात जात असाल तर आजच.

पुन्हा जेलरोड : काकांना मी वरचं उत्तर आधीच कळवलं होतं. त्यांनी आठवडाभरात सगळं केलं आणि पुन्हा लिहिलं, ‘ताई, प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड सगळे मेल साठवतं ते, सापडलं. पण पेनड्राइव्हवर टाकताना मधेच म्हणतो, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा आणि बराचसा रिकामा आहे.’

काका, ही चूक तुमची नाही. थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहितं. तुमच्या ऑल मेलची फाइल ४ जीबीच्या वर गेली असणार. पेनड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीनं आखलेला असेल तर त्यावर एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, एकूण जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर दुसरं काही ठेवलेलं असेल तर ते बाजूला काढा, मग त्यावर उजवं बटण दाबून ‘फॉरमॅट’ आणि त्यात ‘एक्स-फॅट’ निवडा. कॉपी करताना थंडरबर्ड पूर्ण बंद असू द्या, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फायली जातात. आणि हा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच ड्रॉवरमध्ये ठेवू नका. दुसरा घेऊन त्यावरही प्रत काढा आणि ती मुलगी येईल तेव्हा तिच्याबरोबर पुण्याला जाऊ द्या.

वहिनींच्या फोल्डरचं नाव साधं इंग्रजी ठेवायला का सांगितलं, तर पेनड्राइव्हवर लोकल फोल्डर्समध्ये त्याच नावाची एक फाइल दिसेल. मराठी नाव दिलं असतं तर तिथं ओळखू न येणारं काहीतरी दिसू शकलं असतं. त्याच नावाची दुसरी एक फाइल असेल, शेवटी एमएसएफ लिहिलेली. ती नुसती सूची आहे, तिला सोडून द्या. शेवटी काहीच न लिहिलेली ती घ्या आणि नोटपॅडमध्ये उघडा. थंडरबर्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही. सुरुवातीला तारखा आणि पत्त्यांच्या पंधरा-वीस इंग्रजी ओळी येतील, मेल कुठल्या सर्व्हरवरून कुठं गेला त्याच्या. मग एक रिकामी ओळ. वहिनींनी देवनागरीत लिहिलं असतं तर त्याखाली नुसती सांकेतिक अक्षरं दिसली असती. त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, म्हणून मजकूर जसाच्या तसा वाचता येईल. खाली तोच मजकूर पुन्हा एकदा, कोनी कंसांच्या गर्दीत दिसला तर दचकू नका. ती त्याच मेलची सजवलेली प्रत असते. वरची वाचा.